प्रयोगशाळेतून उद्योगाकडे : जीवविज्ञानाच्या पदवीधरांसाठी व्यवसाय प्रशिक्षणाची आवश्यकता

प्रास्ताविक

भारत सरकारने १९८६ साली जैवतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्यानंतर देशातील अनेक विद्यापीठांत या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. पुणे, बडोदा आणि हैदराबाद येथे ते रुजले, तर गोवा विद्यापीठात सागरी जैवतंत्रज्ञानाची शाखा उभी राहिली. पुढे खासगी महाविद्यालयांनीही हा विषय पदवी पातळीवर आणला. या अभ्यासक्रमांतून बाहेर पडणारा विद्यार्थी डीएनए वेगळे करू शकतो, जिवाणू वाढवू शकतो, प्रथिने शुद्ध करू शकतो. मात्र एखाद्या कंपनीत मुलाखतीस गेल्यावर "हे उत्पादन कोण विकत घेईल? त्याचा खर्च किती? परवानगी कोणाकडून घ्यावी लागेल?" असे प्रश्न आले की तो गोंधळतो. हे प्रश्न त्याला पाच वर्षांत कोणी विचारलेलेच नसतात.

परिणामी यांपैकी कित्येक विद्यार्थी बी.एड. करून शिक्षक होतात, औषध विक्रीच्या नोकरीत जातात किंवा वर्षानुवर्षे तात्पुरत्या संशोधन साहाय्यकाच्या पदावर राहतात. ही कामे कमी प्रतीची आहेत असे नाही. पण ज्या ज्ञानासाठी कुटुंबाने पदरमोड करून शिकविले, ते ज्ञान वापरात येत नाही, ही हानी विद्यार्थ्याची आहे आणि समाजाचीही. जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्याला व्यवसायाचे कोणते शिक्षण हवे, ते का हवे आणि साध्या महाविद्यालयालाही ते कसे देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन वेगळे प्रश्न

शास्त्रज्ञाचा मूळ प्रश्न "हे खरे आहे का?" असा असतो. प्रयोग तीनदा करून तेच उत्तर आले आणि ते नियतकालिकात छापून आले, की त्याचे काम पूर्ण होते. उद्योगाचे काम तेथून सुरू होते. त्याला आणखी चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ही वस्तू दर वेळी हुबेहूब तशीच बनविता येईल का? ती विकण्याची परवानगी मिळेल का? दुसऱ्याने ती उचलू नये यासाठी काही संरक्षण आहे का? आणि ज्याला तिची गरज आहे त्याला ती परवडेल का? व्यवसाय प्रशिक्षण म्हणजे हे चार प्रश्न विचारण्याची आणि त्यांची उत्तरे शोधण्याची सवय होय.

येथे भाषेतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मराठीत विद्वान माणसाने 'धंदा' करणे काहीसे हलके समजले जाते. सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. उर्दूतील 'तिजारत' या शब्दाला तसा कमीपणा चिकटलेला नाही. तरीही 'इल्म' आणि 'तिजारत' यांच्या वाटा वेगळ्या, ही समजूत उर्दू घरांतही आढळतेच. जैवतंत्रज्ञानाच्या इतिहासाने मात्र ही समजूत खोटी ठरविली आहे. १९७६ च्या जानेवारीत रॉबर्ट स्वॅन्सन या तरुणाने कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर यांच्याकडे दहा मिनिटांची वेळ मागितली. ती भेट सुमारे तीन तास चालली. त्यातून त्याच वर्षी 'जेनेन्टेक' ही कंपनी उभी राहिली. १९७८ मध्ये तिने जिवाणूंच्या साहाय्याने मानवी इन्सुलिन तयार केले आणि १९८२ मध्ये ते 'इलाय लिली' या मोठ्या कंपनीमार्फत बाजारात आले. स्वॅन्सन यांनी रसायनशास्त्र आणि व्यवस्थापन या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतले होते. बॉयर काय म्हणतात ते त्यांना समजत होते आणि पैसे देणारा काय विचारील तेही समजत होते.

हैदराबादचे उदाहरण

आपल्या परिसरातील सर्वांत बोलके उदाहरण हैदराबादच्या 'शांता बायोटेक्निक्स' या कंपनीचे आहे. तिचे संस्थापक के. आय. वरप्रसाद रेड्डी हे जीवशास्त्रज्ञ नव्हते, तर इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते होते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी जिनिव्हा येथील लसीकरणविषयक परिषदेत त्यांनी हिपॅटायटिस-बी या यकृताच्या रोगाविषयी ऐकले. त्यावरची लस परदेशातून येत होती आणि एका डोसला शेकडो रुपये पडत होते. डोस तीन घ्यावे लागतात. पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब केला, तर सामान्य माणसाला ती लस नसल्यासारखीच होती. म्हणजे रेड्डी यांनी सुरुवात किमतीच्या प्रश्नापासून केली आणि विज्ञानाकडे ते नंतर वळले.

१९९३ साली आईच्या नावाने कंपनी स्थापन झाली. बँका कर्ज देण्यास तयार नव्हत्या, कारण अशा उद्योगाचा त्यांना अनुभव नव्हता आणि तारण ठेवण्यास यंत्रे किंवा इमारत नव्हती. अखेर ओमानचे मंत्री युसुफ बिन अलावी यांच्याकडून भांडवल मिळाले. संशोधनाचे काम प्रथम उस्मानिया विद्यापीठात आणि नंतर हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेच्या आवारात चालले. पिकिया नावाच्या यीस्टमध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे जनुक घालून लस तयार करण्यात आली. १९९७ च्या ऑगस्टमध्ये 'शॅनव्हॅक-बी' बाजारात आली आणि ती आयात लसीपेक्षा कितीतरी स्वस्त होती. थोड्याच काळात त्याच शहरातील 'भारत बायोटेक'सारखे स्पर्धक उतरले आणि किमती आणखी खाली आल्या.

या कहाणीचा पुढचा भागही विद्यार्थ्यांना शिकविला पाहिजे. २००६ मध्ये फ्रान्सच्या मेरिए समूहाने कंपनीतील मोठा हिस्सा घेतला आणि २००९ मध्ये तो 'सनोफी'कडे गेला. कंपनीच्या पाच रोगांवरील एकत्रित लसीला युनिसेफकडून सुमारे ३४ कोटी डॉलरचे मोठे काम मिळाले होते. परंतु २०१० मध्ये काही बाटल्यांत पांढरा साका आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने ती लस आपल्या मान्यताप्राप्त यादीतून काढली आणि ते काम हातचे गेले. यादीत परत येण्यास २०१४ साल उजाडले. बाटलीच्या तळाशी दिसणाऱ्या साक्याची किंमत चार वर्षे आणि कोट्यवधी डॉलर एवढी झाली. 'उत्पादनातील सातत्य' या शब्दांचा अर्थ यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

प्रशिक्षणाचे घटक

या पार्श्वभूमीवर जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुढील पाच गोष्टी शिकविणे आवश्यक ठरते.

१) प्रमाण वाढविणे. प्रयोगशाळेतील फ्लास्कमध्ये चांगले वाढणारे यीस्ट हजार लिटरच्या फर्मेंटरमध्ये तसेच वाढेल याची खात्री नसते. भांडे मोठे झाले की त्यातील द्रवाचे आकारमान फार वाढते, पण पृष्ठभाग त्या मानाने कमी वाढतो. त्यामुळे आतील पेशींना ऑक्सिजन पुरविणे आणि त्यांनी निर्माण केलेली उष्णता बाहेर काढणे अवघड होते. मग वेगळे ढवळणे, वेगळी हवा, वेगळे तापमान आणि प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद लागते. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असे उद्योगात मानले जाते. विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीला पहिल्या वर्षापासून ही शिस्त लावता येते.

२) परवानगी. जनुकीय बदल केलेल्या जीवांवर काम करताना संस्थेची जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची पुनरावलोकन समिती आणि गरजेप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाची समिती यांच्याकडे जावे लागते. याचा पाया १९८९ च्या नियमांत आहे. औषध किंवा लस असेल तर देशाच्या औषध नियंत्रकांची मंजुरी हवी. क्लिनिकल चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत आणि रोगनिदानाच्या किटना २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. चाचण्यांचा पहिला टप्पा थोड्या व्यक्तींवर, दुसरा शेकडोंवर आणि तिसरा अनेकदा हजारोंवर होतो. जगभरचा अनुभव असा की पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी बाजारात पोहोचते. उद्योगात येणाऱ्याला हे अपयशाचे गणित आधीच ठाऊक हवे, नाहीतर पहिल्या धक्क्याला तो खचतो.

३) पेटंट. शास्त्रज्ञाला शोध लवकर छापण्याची घाई असते आणि पेटंटचा नियम त्याच्या उलट आहे. आधी अर्ज, मग प्रसिद्धी. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जनुके जोडण्याची पद्धत नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. पेटंटचा अर्ज नोव्हेंबर १९७४ मध्ये गेला. अमेरिकेत प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत होती, म्हणून तेथे तो जेमतेम मुदतीत बसला. इतर देशांत तशी सवलत नसल्याने तेथील हक्क कायमचे गेले. केवळ अमेरिकेतील हक्कांवरही संबंधित विद्यापीठांना सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. यावरून इतर देशांत काय गमावले याची कल्पना येते. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनविण्याची पद्धत शोधली. तिचे तर पेटंट घेतलेच गेले नाही. भारतातही काही मर्यादित अपवाद सोडले तर आधी प्रसिद्ध झालेल्या शोधाला पेटंट मिळत नाही. परिसंवादात वाचलेला निबंध किंवा ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध हीसुद्धा प्रसिद्धी ठरू शकते. तसेच भारतीय वनस्पती किंवा जिवाणू वापरले असतील तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याचे नियम पाहावे लागतात.

४) हिशेब. हा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड वाटतो, पण शाळेतील अंकगणिताच्या पलीकडे त्यात फारसे काही नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि कर बाजूला ठेवू. समजा, एका छोट्या कंपनीने रक्त तपासणीचे किट बनविले. पॅथॉलॉजी लॅब त्यासाठी २०० रुपये देते. त्यातील ५० रुपये वितरक ठेवतो, म्हणजे कंपनीला १५० मिळतात. रसायने, बाटली, डबा आणि बर्फातील वाहतूक यांसाठी प्रत्येक किटमागे ९० रुपये लागतात. उरले ६० रुपये. जागेचे भाडे, पगार, वीज आणि परवाने मिळून वर्षाचा ठरीव खर्च ३० लाख रुपये आहे. ३० लाखांना ६० ने भागले की ५० हजार येतात. वर्षाला ५० हजार किट विकली तर कंपनी ना नफा ना तोटा या बिंदूवर येते. आता स्पर्धकामुळे कंपनीला १५० ऐवजी १२० रुपयेच मिळू लागले, तर किटमागे ३० रुपये उरतील आणि तोच बिंदू एक लाख किटवर जाईल. भाव वीस टक्क्यांनी उतरला, पण विक्री दुप्पट करावी लागली.

दुसरी बाब उधारीची. भाव १५० रुपयेच धरू. कंपनी महिन्याला ५ हजार, म्हणजे वर्षाला ६० हजार किट विकते. वर्षाचा नफा ६ लाख रुपये दिसतो. पण रुग्णालये पैसे तीन महिन्यांनी देतात. म्हणजे कोणत्याही दिवशी १५ हजार किटचे साडेबावीस लाख रुपये लोकांकडे अडकलेले असतात. कागदावर नफा आणि पगाराच्या दिवशी पेटी रिकामी, अशी स्थिती यातून येते. चांगले उत्पादन असूनही लहान उद्योग बंद पडतात ते पुष्कळदा येथेच.

या दृष्टीने 'बायोकॉन'चा आरंभ अभ्यासण्यासारखा आहे. प्राणिशास्त्राच्या पदवीधर किरण मजुमदार यांनी १९७८ मध्ये बंगळूर येथे १० हजार रुपयांच्या भांडवलावर काम सुरू केले. पहिली उत्पादने पपईपासून मिळणारे पपेन आणि माशांपासून मिळणारे आयसिंगलास ही होती. त्यांना खाद्य आणि पेय उद्योगातून तयार गिऱ्हाईक होते. त्या कंपनीचे इन्सुलिन बाजारात येण्यास २००४ साल उजाडले. आधी घर चालविणारे काम, मग मोठी मजल, हा क्रम तिच्या इतिहासात दिसतो.

५) ग्राहकाशी बोलणे. संशोधक आपल्या शोधाच्या प्रेमात असतो. गिऱ्हाईकाला आपली अडचण सुटण्याशी काम असते. तालुक्याच्या गावातील लॅबचालकाला किटची संवेदनशीलता दोन टक्क्यांनी वाढली याचे अप्रूप नसते. वीज गेल्यावर ते किट फ्रीजबाहेर किती तास टिकते, हे त्याला हवे असते. हे त्याच्याकडे जाऊन, त्याच्या भाषेत बोलल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीतून शिकलेले विज्ञान मराठीत, उर्दूत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगता येणे, हे या ठिकाणी व्यवसायाचे कौशल्य ठरते.

प्रशिक्षणाचे काही नमुने

या प्रकारचे शिक्षण जगात अनेक ठिकाणी दिले जाते. ब्रिटनमध्ये १९९५ पासून 'बायोटेक्नॉलॉजी येस' ही स्पर्धा सुरू झाली. त्यात तरुण संशोधकांचे गट एका काल्पनिक कंपनीची योजना तयार करून ती तज्ज्ञांपुढे मांडतात. कॅलिफोर्नियात १९९७ मध्ये स्थापन झालेल्या केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटने जीवविज्ञान आणि व्यवस्थापन यांची एकत्र पदवी सुरू केली. तेथे प्रबंधाऐवजी विद्यार्थ्यांचा गट कंपनीने दिलेला खरा प्रश्न सोडवितो. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये 'आय-कॉर्प्स' हा कार्यक्रम आणला. त्यात शास्त्रज्ञांच्या गटाला काही आठवड्यांत सुमारे शंभर संभाव्य ग्राहकांना भेटावे लागते. कित्येक गटांना आपली मूळ कल्पना बदलावी लागते आणि तेच त्या कार्यक्रमाचे यश समजले जाते.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने १९९३ च्या सुमारास पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहा महिने कंपनीत पाठविण्याची योजना सुरू केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये 'व्हेंचर सेंटर' आले. २०१२ मध्ये 'बायरॅक' ही सरकारी संस्था स्थापन झाली. नवीन कल्पना तपासून पाहण्यासाठी १८ महिन्यांकरिता ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देणारी योजना तिने आणली. तात्पर्य, दारे आहेत. अडचण अशी की अर्जात बाजारपेठ, पेटंट आणि खर्च यांचे रकाने असतात आणि लहान गावातील विद्यार्थी तेथेच थांबतो.

एक सावधगिरी

व्यवसाय शिकल्याने विज्ञानाची निष्ठा कमी होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्यासारखा नाही. २००३ मध्ये अमेरिकेत 'थेरॅनोस' ही कंपनी निघाली. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तात असंख्य तपासण्या होतील, असा तिचा दावा होता. गुंतवणूकदारांनी कोट्यवधी डॉलर ओतले. २०१५ मध्ये वृत्तपत्रांनी दाव्यातील फोलपणा उघड केला, २०१८ मध्ये कंपनी बंद झाली आणि २०२२ मध्ये संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने दोषी ठरविले. तेथे बोलण्याचे कौशल्य भरपूर होते, पुरावा नव्हता. म्हणून प्रशिक्षणात "हा आकडा कोठून आला?" हा प्रश्न शास्त्रज्ञानेच विचारत राहिले पाहिजे. औषधाच्या दुसऱ्या टोकाला एक आजारी माणूस असतो, आणि खोट्या अहवालाची किंमत तो मोजतो.

महाविद्यालयांना काय करता येईल

यासाठी मोठा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. बहुतेक शिक्षण संस्थांत विज्ञान आणि वाणिज्य या शाखा एकाच आवारात असतात. पण बी.एस्सी.चा विद्यार्थी आणि बी.कॉम.चा विद्यार्थी वर्षभरात एकदाही एका बाकावर बसत नाहीत. त्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एक साधे उत्पादन द्यावे. गांडूळ खत, अळिंबी, रायझोबियमसारखे जिवाणू खत किंवा दह्याचे विरजण चालेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते तीनदा बनवून तिन्ही वेळा सारखे होते का ते पाहावे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने वरीलप्रमाणे खर्च मांडावा. दोघांनी मिळून दहा शेतकऱ्यांना किंवा दुकानदारांना भेटावे आणि त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहून आणावे. खाद्यपदार्थ असेल तर कोणता परवाना लागतो ते शोधावे. वर्षअखेरीस त्यांनी आपले काम मातृभाषेत पंधरा मिनिटांत सांगावे. परीक्षक म्हणून एखाद्या कारखानदाराला, बँकेच्या अधिकाऱ्याला आणि औषध दुकानदाराला बोलवावे.

मुलींच्या दृष्टीने हा विचार अधिक महत्त्वाचा आहे. जीवविज्ञानाच्या वर्गांत त्यांची संख्या मोठी असते, परंतु दूरच्या शहरात नोकरीसाठी जाणे प्रत्येकीला शक्य होत नाही. आपल्याच गावात अळिंबीचे किंवा जिवाणू खताचे छोटे केंद्र हिशेबाने चालविता आले, तर पदवी कपाटात पडून राहणार नाही.

समारोप

जीवविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कंपनी काढावी, असा या विवेचनाचा आशय नाही. बहुतेक जण नोकरीच करतील. पण उत्पादन विभागात, तपासणी प्रयोगशाळेत किंवा परवाना विभागात काम करतानाही सातत्य, परवानगी, संरक्षण आणि परवडणारी किंमत या चार प्रश्नांचे भान असलेला पदवीधर वेगळा ठरतो. हैदराबादच्या लसीची कहाणी डोसाच्या किमतीपासून सुरू झाली होती. तो हिशेब एका अभियंत्याने मांडला. विषाणू, यीस्ट आणि प्रथिने यांची जाण असलेल्या विद्यार्थ्यांनाही तो मांडता आला पाहिजे, आणि त्याची सुरुवात महाविद्यालयाच्या वर्गातच झाली पाहिजे.